झोपलेलं ॲप उठवायचं कसं?

राजेहो, फायनल इयरचा डेमो व्हीएनआयटीत असो की हिंगणा रोडवरच्या कॉलेजात, एक्स्टर्नलसमोर पान लोड होता होईना, तर लगेच कोडला शिव्या देऊ नका. रेंडर या होस्टिंग सेवेच्या फुकट प्लॅनवर 15 मिनिटं कोणी फिरकलं नाही की सर्व्हर झोपतो. पुढच्या माणसाला तो उठेपर्यंत मिनिटभर ताटकळावं लागतं.

अपटाइमरोबोटसारख्या सेवेनं दर पाच-दहा मिनिटांनी पिंग मारली की ॲप जागं राहतं. पण हिशेब बघा: महिन्याला मिळतात 750 तास, 31 दिवसांचे होतात 744. एकच ॲप कसंबसं बसतं. दोन जागी ठेवलीत तर पंधरवड्यातच कोटा खलास, आणि महिना संपेपर्यंत दोन्ही बंद!

माझं मत विचाराल तर पिंगच्या भानगडीत पडूच नका. फ्रंटएंड स्टॅटिक साइट म्हणून वेगळा टाका, तो झोपत नाही. त्यावर ‘सर्व्हर उठतोय’ अशी पाटी दाखवा आणि डेमोआधी लिंक स्वतः एकदा उघडा.

रीजन मात्र सुरुवातीलाच सिंगापूर निवडा. ओरेगॉन नागपूरहून फारच लांब, आणि सर्व्हिस बनवल्यावर रीजन बदलता येत नाही.