खोट्या नावांमागचे परीक्षक

डिसेंबर 2023. अमेरिकेतील केट कॉरेन यांची पहिली कादंबरी अजून बाजारात यायची होती. त्याआधीच त्यांनी गुडरीड्स या पुस्तक-परीक्षणांच्या संकेतस्थळावर खोटी खाती उघडून इतर नवोदितांच्या पुस्तकांना एकेक तारा दिला आणि स्वतःच्या पुस्तकावर पाच-पाच ताऱ्यांची उधळण केली. झळ बसलेल्यांत कृष्णवर्णीय व इतर अल्पसंख्य लेखक बरेच होते. बिंग फुटताच दोष एका काल्पनिक मैत्रिणीवर ढकलून झाला. अखेर कबुली आली. प्रकाशकांनी पुस्तक रद्द केले.

हे शक्य होते, कारण गुडरीड्सवर खाते फुकट मिळते आणि प्रकाशनापूर्वीही तारे देता येतात. पुस्तक वाचल्याचा पुरावा कोणी मागत नाही. पहिल्या पुस्तकाच्या पाठीशी ना नाव असते, ना वाचकवर्ग. मूठभर वाईट शेऱ्यांनीही त्याची वाट अडते. म्हणूनच हा गुन्हा क्षुल्लक नव्हे.

नामवंतही यात सापडले आहेत. ब्रिटिश इतिहासकार ऑर्लँडो फायजेस यांनी ॲमेझॉनवर टोपणनावाने इतर लेखकांच्या ग्रंथांवर आग पाखडल्याचे 2010 मध्ये उघड झाले. आधी त्यांनी आरोप करणाऱ्यांना वकिलामार्फत धमकावले, मग पत्नीने जबाबदारी घेतली. शेवटी त्यांनी स्वतः कबुली देऊन नुकसानभरपाई भरली.