ऐकू येते, पण कळत नाही

नव्याचा सण जवळ आला आहे. थोड्याच दिवसांत शोफारचा नाद आपल्या कानी पडेल. त्या निमित्ताने 'आपण ऐकतो कसे' या विषयावर बोलावे, असे मंडळाने मला सुचविले. श्रवणतपासणी हा माझा अठ्ठावीस वर्षांचा व्यवसाय. तरीही या विषयातील माझी सर्वांत मोठी चूक माझ्या स्वतःच्या घरी झाली, म्हणून आरंभ तेथूनच करते.

माझे वडील सिनेगॉगमध्ये तिसऱ्या बाकावर बसत. शोफार त्यांना स्वच्छ ऐकू येई. मात्र प्रार्थनेनंतर कोणी सूचना वाचून दाखविली की ते शेजाऱ्याला विचारीत, "काय म्हणाले?" आम्ही घरी हसून म्हणत असू, बाबांना सोयीपुरते ऐकू येते. हे वाक्य मीही उच्चारले आहे.

कान हे केवळ दार आहे. ध्वनीच्या कंपनांचे विद्युत्संकेत आतल्या कानातील कॉक्लियात होतात. गोगलगायीच्या शंखासारख्या या अवयवात ते काम प्रामुख्याने सुमारे साडेतीन हजार केसपेशी करतात. तेथून निघालेला संकेत थेट मेंदूच्या वरच्या थरात पोहोचत नाही. वाटेत, मेंदूच्या खोल भागात, त्याला अनेक ठाणी लागतात आणि प्रत्येक ठाण्यावर त्याच्यावर काही संस्कार होतो. मेंदूच्या देठात म्हणजे मस्तिष्कस्तंभात आरंभीची ठाणी आहेत. हा प्रवास इतका वेगवान आहे की देठाच्या वरच्या टोकापर्यंत संकेत सुमारे सहा मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या सहा हजारांश भागात पोहोचतो. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या डोक्याला तारा लावून आम्ही हीच वाटचाल मोजतो. या ठाण्यांना बाळाच्या जागेपणाची गरज नसते. मोठ्या आवाजाने आईच्या मांडीवरचे मूल दचकते, ते दचकणेही देठातूनच घडते. विचार मागाहून येतो.

यांपैकी एका ठाण्याच्या नावातच ऑलिव्ह हे फळ आहे. येथे उजव्या व डाव्या कानाचे संकेत प्रथम एकत्र येऊन ताडून पाहिले जातात. डावीकडून आलेला आवाज उजव्या कानाला किंचित उशिरा लागतो. हा उशीर जास्तीत जास्त एका मिलिसेकंदाच्या दोन तृतीयांशाइतका असतो, तरी ऑलिव्हला तो कळतो. त्यावरून आवाजाची दिशा ठरते आणि गलक्यातून एक आवाज वेगळा काढता येतो. त्याच्या वर चार चिमुकल्या टेकड्या आहेत. त्यांच्या लॅटिन नावाचा, कॉलिक्युलसचा, अर्थच टेकडी. खालच्या दोन टेकड्या आवाजाचे धागे एकत्र विणतात. वरच्या दोहोंत डोळा, कान व स्पर्श यांची भेट होते. म्हणूनच पाठीमागे काही पडले तर मान आपोआप तिकडे वळते. 1978 साली एरिक नुडसन व मासाकाझु कोनिशी यांनी दाखवून दिले की, घुबडाच्या मेंदूतील अशाच भागात भोवतालच्या आवाजांचा चक्क नकाशा असतो.

टेकड्यांनंतर येतो थॅलॅमस. दृष्टी, स्पर्श, श्रवण यांना वरच्या थरात जाण्यासाठी हे नाके ओलांडावे लागते. वासाची वाट तेवढी निराळी. मलिद्याच्या ताटातील वेलदोड्याचा गंध थॅलॅमसला वळसा घालूनच पुढे जातो. शिवाय वरचा थर थॅलॅमसकडे जितके तंतू परत पाठवितो, ते वर येणाऱ्यांहून अधिक आहेत. म्हणजे काय ऐकायचे, याच्या आज्ञा वरूनही उतरत असतात.

आता बाबांकडे वळू. वयपरत्वे प्रथम उंच पट्टीचे स्वर क्षीण होतात. शोफारचा नाद दणकट आणि लांब. तो शिल्लक उरतो. परंतु 'कान', 'पान', 'तान' यांतील भेद आरंभीच्या व्यंजनात असतो आणि ते व्यंजन सेकंदाच्या काही शतांश भागात संपते. खोल ठाण्यांची काळ मोजण्याची अचूकताही वयाबरोबर ढिली पडते. आवाज पोहोचतो, शब्द पोहोचत नाही. यात सोय कसली आली?

दुसरी चूक श्रवणयंत्राची. पैसे वाचावेत म्हणून आम्ही एकाच कानासाठी यंत्र घेतले, म्हणजे दोन्ही कानांची तुलना करणाऱ्या ऑलिव्हला अर्धाच हिशेब दिला! त्यातून कानाकडून कमी संकेत येऊ लागले की टेकड्या आपली संवेदनक्षमता वाढवून ठेवतात, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. अशा मेंदूत यंत्राचा आवाज एकाएकी शिरला की भांडी, पंखा, कुकरची शिट्टी सारेच अंगावर येते. बाबांनी चार दिवसांत यंत्र डबीत ठेवले, आणि मी, रोज परक्यांना धीर धरायला सांगणारी, त्यांच्यावर चिडले.

दोन वर्षांनी दोन्ही कानांची यंत्रे आली. पहिल्या आठवड्यात रोज दोन तास, शांत खोलीत, एकाच माणसाशी गप्पा. मग हळूहळू वेळ वाढविला. आम्हीही ओरडणे सोडले, कारण ओरडल्याने स्वर फुगतात, व्यंजने तशीच राहतात. समोर बसून, चेहऱ्यावर उजेड ठेवून, सावकाश बोलू लागलो. तीन महिने लागले. त्यानंतरच्या एका शब्बाथला मागच्या डाव्या बाकावर कोणी हलकेच खोकले. बाबांनी माझ्याआधी मान वळविली आणि म्हणाले, "त्याला पाणी दे गं."