गोदाकाठी पहिल्यांदा गळ टाकताना

वैजापूर तालुक्याची दक्षिण हद्द म्हणजे गोदावरी. पुढे गंगापूर, पैठणकडे हेच पाणी १९७६ साली पूर्ण झालेल्या जायकवाडीच्या नाथसागरात पसरतं. जलाशयातल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो, शिवाय नाथसागर पक्षी अभयारण्यही आहे. म्हणून आधी परवानगी, मग तंगूस, म्हणजे गळाची दोरी.

पावसाळ्यात खरी भीती नाशिकच्या पावसाची. आपल्याकडे थेंब नसतानाही नांदूर-मधमेश्वर बंधाऱ्यातून पाणी सुटतं आणि नदी चढते. विसर्गाची बातमी बघितल्याशिवाय पात्राजवळ जाऊ नका. उन्हाळ्यात धोका वाळूउपशाच्या खड्ड्यांचा. गुडघाभर पाण्यात पुढचं पाऊल टाकलं की पाणी डोक्यावर जातं. त्यामुळे गळ काठावरूनच टाकावा आणि सोबत गावातला माहीतगार असावा.

रोहू, मृगळाला कणकेचा गोळा चालतो. मरळ जिवंत आमिषावर येतो. शिंगट्याचा काटा विषारी, गळातून सोडवताना पक्कड हवीच. पिण्याचं पाणी, टोपी, बॅटरी, काठी हे सांगायला नकोच. गोदावरीतलं सराला बेट हे वारकऱ्यांचं श्रद्धास्थान. तिथे गळ नेऊच नये, असं माझं मत. आणि गळ कुठेही टाका, तुटलेला तंगूस गोळा करून घरी आणा, पाणपक्ष्यांचे पाय त्यात अडकतात.