कुरआनसारखं दुसरं कुणी लिहू शकत नाही, असं मुस्लिम का मानतात? आणि मग मराठी तर्जुम्याचं काय?

रमजानच्या महिन्यात रात्री धाराशिव, परंडा किंवा नळदुर्गातल्या एखाद्या मशिदीजवळून गेलात, तर आतून एकाच माणसाचं लयीत चाललेलं पठण ऐकू येतं. ही तरावीहची नमाज. अनेक मशिदींमध्ये हाफिज, म्हणजे ज्याला पूर्ण कुरआन पाठ आहे असा माणूस, महिनाभरात सगळा कुरआन म्हणतो. मागे रांगेत शेतकरी असतात, दुकानदार असतात, कॉलेजची पोरं असतात. घरी दखनी आणि बाजारात मराठी बोलणारी ही माणसं. अरबी भाषा नीट समजणारे त्यांच्यात थोडेच.

मग प्रश्न पडतो. जे म्हटलं जातंय ते कळत नसेल, तर ते आपल्या भाषेतच का म्हणत नाहीत?

या प्रश्नाच्या उत्तराचा मोठा भाग एका शब्दात आहे. तो शब्द म्हणजे 'एजाज'.

एजाज म्हणजे काय?

एजाज म्हणजे समोरच्याला असमर्थ करून सोडणं. इस्लामी श्रद्धेनुसार कुरआन हे मोहम्मद पैगंबरांनी रचलेलं पुस्तक नाही, तर अल्लाहची वाणी आहे. साधारण 23 वर्षांच्या काळात ती टप्प्याटप्प्याने आली. त्यामुळे तिच्या तोडीचं काही माणसाला रचता येणार नाही, असं मुस्लिम मानतात.

हा दावा नंतरच्या लोकांनी जोडलेला नाही, तो कुरआनमध्येच आहे. 17 व्या सूरहमध्ये म्हटलंय की माणसं आणि जिन्न एकत्र आले तरी असं काही आणू शकणार नाहीत. 11 व्या सूरहमध्ये दहा सूरह रचून आणण्याचं आव्हान आहे. दुसऱ्या आणि दहाव्या सूरहमध्ये तर फक्त एकच सूरह मागितली आहे. कुरआनमध्ये एकूण 114 सूरह आहेत. त्यातली सगळ्यात छोटी 'अल-कौसर' तीन आयतींची आहे, जेमतेम दहा शब्दांची. म्हणजे आव्हान लांबीचं नाही.

सातव्या शतकातल्या अरबस्तानात हे आव्हान देणं सोपं नव्हतं. तिथे शायरीला प्रचंड मान होता. टोळीत चांगला शायर असणं ही अभिमानाची गोष्ट होती आणि उकाझच्या जत्रेत कवितांची चढाओढ चालायची. मुस्लिमांचा युक्तिवाद असा की भाषेवर एवढी हुकमत असलेल्या लोकांनाही याला उत्तर देता आलं नाही. त्यात पैगंबर स्वतः लिहायला-वाचायला शिकलेले नव्हते, अशी श्रद्धा आहे.

पण यात नेमकं अद्वितीय काय?

गंमत म्हणजे यावर मुस्लिम विद्वानांमध्येही जोरदार वाद झाले. नवव्या शतकातले नज्जाम म्हणायचे की माणसांना तसं लिहिता आलं असतं, पण अल्लाहने त्यांना त्यापासून रोखलं. म्हणजे चमत्कार भाषेत नाही, रोखण्यात आहे. बहुतेक विद्वानांनी हे मत नाकारलं. 1013 मध्ये वारलेले बाकिल्लानी यांनी या विषयावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि कुरआनची शैली शायरी आणि तेव्हाचं यमकबद्ध गद्य या दोन्हींपेक्षा वेगळी आहे, असं मांडलं.

सगळ्यात गाजले ते अकराव्या शतकातले अब्दुल काहिर जुर्जानी. त्यांचं म्हणणं असं की सौंदर्य सुट्या शब्दांत नसतं, ते शब्दांच्या मांडणीत असतं. या मांडणीला ते 'नज्म' म्हणतात.

हे मराठीत करून बघा. 'मी तुला सांगितलं होतं.' 'तुला मी सांगितलं होतं.' 'सांगितलं होतं मी तुला.' शब्द तेच आहेत, पण दर वेळी सूर बदलतो. तिसऱ्या वाक्यात तर भांडणच ऐकू येतं. आता हे इंग्रजीत नेऊन बघा. माहिती पोहोचेल, सूर पोहोचेलच असं नाही. जुर्जानींच्या मते कुरआनचं वेगळेपण अशाच मांडणीत आहे.

म्हणूनच तर्जुम्याला मुस्लिम 'कुरआन' म्हणत नाहीत, 'कुरआनचा अर्थ' म्हणतात. इथे ज्ञानेश्वरीशी तुलना केली तर फरक लक्षात येतो. 1290 मध्ये ज्ञानेश्वरांनी गीतेचा अर्थ मराठीत आणला आणि पुढे त्या ओव्यांचंच पारायण होऊ लागलं. कुरआनच्या तर्जुम्याला असं स्थान मिळत नाही. अबू हनीफा यांनी नमाजमध्ये फारसी पठणाला मुभा दिल्याचं सांगितलं जातं, पण पुढे बहुसंख्य विद्वान अरबीवरच ठाम राहिले.

यात निजाम कुठून आले?

धाराशिव जिल्ह्याचं आधीचं नाव उस्मानाबाद. ते हैदराबादचे सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांच्यावरून पडलं होतं. 1948 पर्यंत हा भाग त्यांच्याच संस्थानात होता. याच निजामांच्या नोकरीत मार्माड्यूक पिक्थॉल नावाचे इंग्रज कादंबरीकार होते. 1917 मध्ये त्यांनी इस्लाम स्वीकारला, 1920 मध्ये ते मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक म्हणून आले आणि 1925 मध्ये हैदराबादला गेले.

पिक्थॉल यांना कुरआन इंग्रजीत आणायचा होता. त्यासाठी निजामांनी त्यांना दोन वर्षांची पगारी रजा दिली. ते इजिप्तला जाऊन विद्वानांना भेटले. तिथे काहींचा तर्जुम्यालाच विरोध होता. 1930 मध्ये पुस्तक आलं. प्रस्तावनेत त्यांनी कबूल केलं की कुरआनचा अनुवाद होऊ शकत नाही. पुस्तकाच्या नावातही त्यांनी 'अर्थ' हा शब्द घातला.

अनुवाद अशक्य आहे असं मानणाऱ्या माणसाने अनुवादासाठी एवढी वर्षं का घातली? कारण कुरआन फक्त ऐकायला सांगत नाही, विचार करायलाही सांगतो. याला 'तदब्बुर' म्हणतात. चौथ्या आणि 47 व्या सूरहमध्ये लोक यावर विचार का करत नाहीत, असा थेट सवाल आहे. आणि अर्थ माहीत नसेल तर विचार कशावर करणार? म्हणूनच अठराव्या शतकात दिल्लीच्या शाह वलीउल्लाह यांनी फारसी तर्जुमा केला आणि त्यांच्या मुलांनी उर्दू. आज मराठीतही तर्जुमे मिळतात.

फॉरवर्ड, आकडे आणि एआय

'कुरआनमध्ये दिवस हा शब्द बरोबर 365 वेळा येतो' असे मेसेज तुम्हालाही आले असतील. शब्दाची कोणती रूपं धरली आणि कोणती सोडली, यावर हा आकडा बदलतो. कुरआनमध्ये प्रत्येक विज्ञान शोधण्याला चौदाव्या शतकातल्या शातिबींसारख्या विद्वानांनीही आक्षेप घेतला होता. एजाजची जुनी चर्चा मुख्यतः भाषेभोवती फिरते.

मग एआयने तसा मजकूर लिहिला तर? श्रद्धाळू म्हणेल, वरवरची धाटणी जमली म्हणजे नज्म जमलं असं नाही. शंका घेणारा विचारेल, हे ठरवणार कोण? शैलीची तुलना करायला सगळ्यांना मान्य होईल अशी मोजपट्टी नाही आणि हा आक्षेप जुना आहे. त्यामुळे एखाद्या व्हिडिओने हा वाद मिटणार नाही. एजाज ही श्रद्धा आहे. ती समजून घ्यायला ती मानलीच पाहिजे असं नाही, आणि न मानणाऱ्याने तिची टर उडवायचीही गरज नाही.

खरी अडचण तरावीहच्या त्या रांगेत उभ्या असलेल्या पोराची आहे. अरबी पठणाने त्याचे डोळे भरून येतात, पण आत्ता नेमकं काय म्हटलं गेलं ते त्याला सांगता येत नाही. एजाजवरच्या श्रद्धेमुळे तो अरबी सोडणार नाही. पण नमाजनंतर घरी येऊन त्याच आयतींचा उर्दू किंवा मराठी तर्जुमा उघडायला ही श्रद्धा त्याला अडवत नाही. उलट तदब्बुरचं सांगणं तेच आहे. तुम्हीही कधी मशिदीबाहेरून ते पठण ऐकलं आणि कुतूहल वाटलं, तर त्याचा अर्थ मराठीत वाचता येतो.