कुलपातील लबाड पिन

कर्जतहून खोपोलीच्या गाडीत बसलात की पहिले स्टेशन पळसदरी. समजा, तेथे पावसाळाभर बंद असलेल्या एका घराची किल्ली हरवली. घरमालकाने कर्जतहून किल्लीवाल्याला बोलावले. त्याने दोन बारीक पोलादी सळ्या कुलपात घातल्या आणि पाच मिनिटांत कुलूप उघडले. शेजारचे कुलूप तसेच दिसणारे, पण त्याने तासभर दाद दिली नाही. असे का व्हावे?

पिनांच्या कुलपात एक फिरणारा गाभा असतो. गाभ्यात आणि त्याभोवतीच्या अंगात समोरासमोर भोके असतात. प्रत्येक भोकात एकावर एक दोन पिना आणि त्यांवर एक स्प्रिंग. योग्य किल्ली घातली की सर्व जोड्यांमधला सांधा गाभ्याच्या कडेशी बरोबर येतो आणि गाभा फिरतो. एक जरी पिन कमीअधिक उचलली गेली तरी ती आडवी येते.

पाच पिना आणि प्रत्येकीच्या सहा उंच्या धरल्या, तर ६×६×६×६×६ म्हणजे ७,७७६ निरनिराळ्या किल्ल्या होतात. मग पाच मिनिटांत कुलूप कसे उघडले? कारण कोणत्याही कारखान्यात पाच भोके अगदी एका रेषेत पडत नाहीत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतकी तरी चूक राहतेच. गाभ्याला हलकासा पीळ दिला की पाचही पिना एकदम अडकत नाहीत, एकच आधी चिमटली जाते. तेवढीच उचलायची. तिचा सांधा कडेशी आला की गाभा केसभर फिरतो, वरची पिन कडेवर टेकून राहते आणि दुसरी पिन चिमटली जाते. एकेक पिन जुळवायची असल्याने ७,७७६ ऐवजी फार तर ५×६ म्हणजे ३० उंच्या तपासायच्या!

हे खरे वाटत नसेल तर करून पाहा. लाकडाच्या दोन पट्ट्यांवर मोजून, वेगवेगळी, पेन्सिल सैलसर जाईल अशी तीन तीन भोके पाडा. पट्ट्या एकमेकींवर ठेवून भोकांत पेन्सिली घाला आणि खालची पट्टी बाजूला ओढून धरा. आता पेन्सिली हलवून पाहा. बहुधा एकच घट्ट असेल.

शेजारच्या कुलपात होती ती सुरक्षा पिन. ही वरची पिन दोऱ्याच्या रिळासारखी, किंवा डमरूसारखी म्हणा, मध्ये बारीक असते. ती उचलताना बारीक कंबर कडेशी आली की गाभा चांगलाच कलतो. हाताला वाटते, जमले! पण पिनेचा रुंद काठ खाली अडकलेलाच असतो. आता पीळ वाढवला तर ती अधिकच रुतते. उलट पीळ सैल करून गाभ्याला थोडे मागे फिरू द्यावे लागते. तेवढ्यात आधी जुळवलेल्या पिना खाली पडण्याची भीती! किल्लीवाल्याचे खरे कसब येथेच.

ही युक्ती जुनी आहे. लंडनच्या जोसेफ ब्रामा यांनी १७८४ मध्ये पेटंट घेतलेल्या कुलपात पिनांऐवजी सरकत्या पट्ट्या होत्या. १८१७ मध्ये त्या पट्ट्यांना खोट्या खाचा पाडण्यात आल्या. काम तेच, हाताला फसवायचे. हे कुलूप उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. १८५१ मध्ये हॉब्ज या अमेरिकन कारागिराने ते उघडले, पण त्याला सोळा दिवसांत मिळून ५१ तास खपावे लागले.

आपल्याकडे अर्देशीर गोदरेज यांनी १८९७ मध्ये मुंबईत लालबागला कुलपांचा कारखाना काढला. त्यांच्या 'नवताल' कुलपात पिना नसून लिव्हर, म्हणजे पातळ पट्ट्या, असतात. तरी प्रत्येक पट्टी नेमक्याच उंचीवर यावी लागते, हे तत्त्व तेथेही आहे.

घरी किल्लीसकट एखादे टाकाऊ पिनांचे कुलूप असेल तर मागून घ्या (दाराला लावलेले नको, पिन अडकली तर किल्लीही फिरायची नाही). किल्ली अर्धीच घालून हलकेच फिरवा आणि गाभा कोठे अडतो ते बोटांनी ओळखा.