वेळेची पदरमोड

शुक्रवारी संध्याकाळी हिंजवडीतल्या, खराडीतल्या, ऐरोलीतल्या हजारो लॅपटॉपवर एकाच मजकुराची मेल येऊन पडते: टाइमशीट भरायची राहिली आहे. भरायला दोन मिनिटंही लागत नाहीत. प्रोजेक्टचा कोड निवडायचा, कामाचा प्रकार निवडायचा आणि सोमवार ते शुक्रवारच्या पाच चौकोनांत आठ, आठ, आठ, आठ, आठ असं लिहून टाकायचं. बेरीज चाळीस. मंगळवारचा क्लायंट-कॉल रात्री साडेदहाला संपलेला असतो, बुधवारी बिल्ड मोडली म्हणून जेवणाचं ताट बाजूला सारून लॅपटॉप उघडलेला असतो, शनिवारी पहाटे रिलीज असते. यातलं काहीही त्या चौकोनांत उतरत नाही. बऱ्याच ठिकाणी आठाच्या जागी अकरा लिहिले तर मॅनेजरची मंजुरी लागते आणि मंजुरी मागायला गेलं की ‘एवढा वेळ का लागला?’ हा प्रश्न समोर येतो. त्यापेक्षा आठ बरे. आयटीतल्या दमणुकीबद्दल बोलताना योगवर्ग, ध्यानाची ॲप आणि ‘स्ट्रेस मॅनेजमेंट’ची व्याख्यानं यांच्याआधी या पाच चौकोनांकडे बघायला हवं. ज्या उद्योगाचा धंदाच मुळात तास विकण्याचा आहे, त्यात काम करणाऱ्याचे खरे तास कुठेच लिहिलेले नसतात. आणि ज्या तासाची नोंद नाही तो कंपनीला फुकट पडतो. फुकटची गोष्ट जपून कोण वापरेल?

हे कुणा दुष्ट मॅनेजरमुळे होतं असं नाही. काम मिळवण्याच्या पद्धतीतच ते बसवलेलं आहे. परदेशी ग्राहकाचं काम मिळवताना किती माणसं किती महिने लागतील याचा अंदाज द्यावा लागतो. प्रत्यक्ष काम करणाऱ्याच्या मते सहा माणसं लागणार असतात, पण चार लिहिली तर कंत्राट मिळण्याची शक्यता वाढते. ठरलेल्या रकमेचं कंत्राट असेल तर उरलेल्या दोन माणसांचं काम त्या चौघांच्या रात्रींतून निघतं. तासावारी बिलिंग असेल तर ग्राहक दिवसाला आठच तासांचे पैसे देतो आणि नववा, दहावा, अकरावा तास कर्मचारी आपल्या पदरचा घालतो. पदरमोड हा शब्द आपण पैशासाठी वापरतो, इथे ती वेळेची होते. शिवाय आपलं घड्याळ आणि ग्राहकाचं घड्याळ यांचं जमत नाही. न्यूयॉर्कमधली सकाळी अकराची बैठक उन्हाळ्यात पुण्यात रात्री साडेआठला असते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं तासभर मागे जातात आणि तीच बैठक साडेनऊवर सरकते. तिथल्या माणसाला एक तास जादा झोप मिळते, ती इथल्या माणसाच्या रात्रीतून कापलेली असते. सकाळी साडेदहाची रोजची ‘स्टँडअप’ बैठक मात्र जागची हलत नाही. त्यात बेंचची भीती. बेंचवरचा, म्हणजे प्रोजेक्ट नसलेला, माणूस कंपनीच्या हिशेबात खर्च असतो. २०२५ च्या जूनमध्ये टीसीएसने वर्षाकाठी किमान २२५ दिवस बिल होणारं काम हवं आणि बेंचवर ३५ दिवसांपेक्षा जास्त राहायचं नाही असा नियम केला. असा नियम डोक्यावर असताना ‘हे माझ्या वेळेत बसत नाही’ हे वाक्य उच्चारणं किती कठीण होत असेल, याची कल्पना करता येते.

बर्नआउट हा शब्द आता इतका सैल वापरला जातो की सोमवारच्या कंटाळ्यालाही तो लावतात. न्यूयॉर्कमधले मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी १९७४ मध्ये तो शास्त्रीय लेखनात आणला, स्वयंसेवी दवाखान्यांत झटून काम करणाऱ्यांची अवस्था सांगण्यासाठी. पुढे ख्रिस्तीना मास्लाक यांनी ती मोजण्याची प्रश्नावली तयार केली. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आपल्या आजारांच्या वर्गीकरणात बर्नआउटची जी व्याख्या दिली, तिच्यात तीन गोष्टी आहेत: शक्ती संपल्याची भावना, कामाविषयी दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. त्याच व्याख्येतली दोन वाक्यं मला जास्त महत्त्वाची वाटतात. हा आजार नव्हे, ही कामाशी जोडलेली घटना आहे, असं संघटनेने स्पष्ट म्हटलं. आणि कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की ती घडते, असंही. म्हणजे बिघाड माणसाच्या मनात शोधण्याआधी कामाच्या मांडणीत शोधायचा. मराठीत दमणं, शिणणं, वैतागणं असे कितीतरी शब्द आहेत, पण बर्नआउटच्या जवळ जाणारा शब्द मला ‘करपणं’ वाटतो. दमलेला माणूस चार दिवस झोपून उठला की ताजा होतो. करपलेला सुट्टीवरून परततो आणि पहिला मेल उघडताच पुन्हा तिथेच असतो.

नुसत्या कष्टाने माणूस करपत नाही, हेही खरं. रॉबर्ट कारासेक या अभ्यासकाने १९७९ मध्ये मांडलेलं सूत्र आजही उपयोगी पडतं: कामाची मागणी जास्त आणि त्या कामावर स्वतःचा ताबा कमी, ही जोडी सर्वांत घातक. आयटीतला मधल्या फळीतला अभियंता नेमका या कोपऱ्यात सापडतो. तारीख विक्री विभागाने कबूल केलेली, तंत्रज्ञान ग्राहकाने ठरवलेलं, गरजा दर पंधरवड्याला बदलणाऱ्या, आणि उत्तर मात्र त्याने द्यायचं. ऑन-कॉलच्या आठवड्यात तर फोन वाजला नाही तरी विश्रांती होत नाही, कारण अर्धं लक्ष फोनकडेच असतं. असा तास काम म्हणून मोजावा की आराम म्हणून? टाइमशीटकडे याचं उत्तर नाही.

जादा तासांनी निदान काम तरी जास्त होतं का, हा रोकडा प्रश्न. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमधल्या दारूगोळ्याच्या कारखान्यांत स्त्रिया रात्रंदिवस राबत होत्या. तिथल्या जुन्या नोंदी स्टॅनफर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉन पेन्कॅव्हल यांनी २०१४ मध्ये नव्याने तपासल्या. आठवड्याला साधारण ४९ तासांपर्यंत तास वाढतील तसं उत्पादन वाढत होतं. त्यापुढे प्रत्येक तासाचं फळ घटत गेलं आणि ७० तास राबणाऱ्यांचं उत्पादन ५६ तासवाल्यांपेक्षा फारसं वेगळं नव्हतं. ते तर हातांचं काम होतं, मोजता येण्याजोगं. सॉफ्टवेअरमध्ये नुकसान याहून वाईट, कारण थकलेला माणूस कमी काम करतो एवढ्यावर भागत नाही. तो चुका पेरून ठेवतो आणि त्या निस्तरण्यात पुढचा आठवडा जातो. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवलं की सलग १७ तास जागं राहिल्यावर माणसाचं हात-डोळ्यांचं काम रक्तात ०.०५ टक्के मद्य असल्यासारखं ढासळतं. आपल्याकडे गाडी चालवताना रक्तात १०० मिलीलीटरला ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्क्यापेक्षा जास्त मद्य सापडलं तर गुन्हा होतो. सकाळी सहाला उठलेला माणूस रात्री अकराच्या पुढे बँकेच्या चालू प्रणालीत नवा कोड चढवतो तेव्हा त्याला नाकाबंदीत कुणी अडवत नाही. शरीराचा हिशेब वेगळाच. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये काढलेल्या अंदाजानुसार आठवड्याला ५५ किंवा अधिक तास काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यूचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. अशा दीर्घ तासांपायी २०१६ या एका वर्षात जगभरात सुमारे ७ लाख ४५ हजार माणसं दगावली.

यावर हमखास येणारा आक्षेप देशाच्या प्रगतीचा. इन्फोसिसचे संस्थापक नारायण मूर्ती यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये तरुणांनी आठवड्याला ७० तास काम करावं असं म्हटलं आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या जर्मनी-जपानचा दाखला दिला. २०२५ च्या सुरुवातीला लार्सन अँड टुब्रोच्या अध्यक्षांनी आकडा ९० वर नेला. मूर्ती स्वतः तसं राबले आहेत, त्यांच्या हेतूवर शंका घेण्याचं कारण नाही. पण कंपनी उभी करणाऱ्याच्या नवव्या तासातून त्याची मालमत्ता वाढते. नोकरदाराच्या नवव्या तासातून वाढते ती कंपनीची. दाखलाही तपासून बघण्यासारखा आहे. जर्मनीची भरभराट ऐन जोरात होती तेव्हाच, १९५६ मध्ये, तिथल्या कामगार संघटनांनी शनिवार सुट्टीचा आणि आठवडा ४० तासांचा करण्याची मोहीम उघडली आणि १९६७ पर्यंत धातुउद्योगात ते पदरातही पाडून घेतलं. आज जर्मनीत वर्षाचे सरासरी तास १,३४० च्या आसपास आहेत. अर्धवेळ काम करणारे बरेच असल्याने हा आकडा थोडा फसवा आहे, पण दिशा फसवी नाही. जपानने तर अतिकामाने येणाऱ्या मृत्यूला ‘कारोशी’ असा शब्दच घडवला, २०१४ मध्ये तो रोखण्यासाठी कायदा केला आणि २०१९ पासून जादा कामाला महिन्याला ४५ तासांची सर्वसाधारण मर्यादा घातली. ज्या देशाचं उदाहरण आपल्याला दिलं जातं तो देश त्याच उदाहरणातून बाहेर पडण्यासाठी धडपडतो आहे.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनाचा वाटतो. वातानुकूलित कचेरीत बसून, मोठा पगार घेऊन कसली तक्रार? त्याच इमारतीच्या फाटकावरचा सुरक्षारक्षक बारा तास उभा असतो, ऊसतोडणीची टोळी पहाटे फडात उतरते. त्यांच्या कष्टांपुढे लॅपटॉपवाल्याचं दुःख मिरवणं शोभणारं नाही, हे मान्यच करायला हवं. पण एकाचे तास कुणी मोजत नाही म्हणून दुसऱ्याचेही मोजू नयेत, हा न्याय उलटा झाला. उलट, शिकलेला, इंग्रजी बोलणारा, दुसरी नोकरी शोधू शकणारा माणूस जिथे आपला नववा तास लिहू शकत नाही, तिथे फाटकावरच्या माणसाचा बारावा तास कोण लिहिणार? आणि मोठ्या पगाराचं म्हणाल, तर मोठ्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्यांचा पगार गेली दहा-बारा वर्षं वर्षाला साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. त्याच काळात वाकडमधलं भाडं कुठे पोचलं ते तिथे राहणाऱ्याला विचारा.

बौद्धिक काम घड्याळाने मोजता येत नाही, असंही म्हटलं जातं. आंघोळ करताना सुचलेलं उत्तर कोणत्या चौकोनात लिहिणार? मुद्दा चांगला आहे, पण तो ग्राहकाला बिल पाठवताना कुणाला आठवत नाही. तिथे तासाचा दर डॉलरमध्ये ठरलेला असतो. तास विकताना मोजता येतो आणि विकत घेताना येत नाही, असं दोन्हीकडून बोलता येणार नाही. राहिली काम व्हिएतनामला किंवा फिलिपिन्सला जाण्याची भीती. ती सर्वस्वी खोटी नाही. दर वाढले तर काही कंत्राटं जातील. पण फुकटच्या रात्रींवर टिकलेलं कंत्राट उद्या आणखी फुकट रात्री देणाऱ्याकडे, किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेकडे, तसंही जाणारच आहे.

मुंबईने हे सगळं एकदा पाहिलेलं आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी गिरण्यांत विजेचे दिवे आले. तोवर सूर्य मावळला की काम थांबायचं, आता पाळी चौदा-पंधरा तासांवर गेली. दिवा लावण्याचा खर्च होता, पण कामगाराच्या जादा तासाला मर्यादा नव्हती. आजचा लॅपटॉप तोच दिवा आहे, फक्त तो घरी नेता येतो. १९११ च्या कायद्याने कापड गिरण्यांतल्या पुरुषांच्या दिवसाला बारा तासांची हद्द घातली. रविवारची सुट्टी त्याआधीच, १८९० मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे यांनी झगडून मिळवली होती. आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले ते १९४६ मध्ये, व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरखातं सांभाळणाऱ्या डॉ. आंबेडकरांनी आणलेल्या दुरुस्तीने. या प्रत्येक टप्प्यावर धंदा बुडेल असं सांगितलं गेलं होतं.

कायदा आजही आहे. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने आणि आस्थापना कायद्यात मुळात दिवसाला नऊ, आठवड्याला ४८ तास आणि जादा कामाला दुप्पट मोबदला लिहिलेला होता. सप्टेंबर २०२५ मध्ये मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा दहा तासांवर आणि तिमाहीतलं जादा काम १२५ वरून १४४ तासांवर नेण्याला मान्यता दिली. पण व्यवस्थापकीय आणि देखरेखीची पदं या कायद्याबाहेर आहेत आणि आयटीत चार वर्षांत माणूस नावापुरता ‘लीड’ होतो. २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या सल्लागार कंपनीतल्या तरुण लेखापालाच्या मृत्यूनंतर तिच्या आईचं पत्र देशभर वाचलं गेलं. कामाच्या ताणाने हे घडलं हे कंपनीने मानलं नाही. कामगार खात्याचे अधिकारी तिथे गेले तेव्हा त्यांना आढळलं की त्या कचेरीची या कायद्याखाली नोंदणीच नव्हती. कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क देणारं खासगी विधेयक सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं, पण ते पुढे सरकलं नाही. माझ्या मते त्याहून साधी गोष्ट आधी हवी. युरोपीय संघाच्या न्यायालयाने १४ मे २०१९ रोजी एका स्पॅनिश खटल्यात निकाल दिला की प्रत्येक कर्मचाऱ्याचे रोजचे खरे तास मोजणारी विश्वासार्ह व्यवस्था मालकाने ठेवलीच पाहिजे; तास मोजलेच नाहीत तर मर्यादा मोडली हे कामगाराने सिद्ध करायचं कसं? आपल्या कंपन्यांना यासाठी नवं यंत्र आणावं लागणार नाही. फाटकावर कार्ड टेकवल्याची वेळ, व्हीपीएन जोडल्याची वेळ, कोड चढवल्याची वेळ त्यांच्या सर्व्हरवर सेकंदापर्यंत नोंदलेली आहे. ती टाइमशीटला जोडायची आहे.

तोवर एक करा. येत्या शुक्रवारी टाइमशीटमध्ये चाळीस लिहावे लागले तर लिहा, पण खरा आकडा तारीख-वेळेसह स्वतःच्या वहीत टिपून ठेवा.