ॲप एकच, मग असरच्या वेळा दोन कशा?

जोगेश्वरी, मुलुंड किंवा घाटकोपरच्या अनेक घरांत हा प्रसंग घडत असेल. आई आणि मुलाच्या मोबाइलवर नमाजच्या वेळा सांगणारे एकच ॲप असते. एका मोबाइलवर असरची अजान होते, दुसरा मात्र आणखी तासभर गप्प राहतो. "तुझे ॲप बिघडले आहे," असे एकमेकांना सांगितले जाते. खरे तर बहुधा काहीच बिघडलेले नसते. फरक असतो तो ॲपच्या कॉन्फिगरेशन फाइलमध्ये. ही फाइल म्हणजे काय, ते आपण या लेखात सोप्या भाषेत पाहू.

संगणकाचा प्रोग्राम म्हणजे काम कसे करायचे याची कृती. पण ते काम कोणासाठी, कुठे आणि कोणत्या पद्धतीने करायचे, हे प्रोग्राम लिहिणाऱ्याला आधी ठाऊक नसते. म्हणून असे निर्णय प्रोग्रामच्या बाहेर, वेगळ्या छोट्या फाइलमध्ये ठेवतात. तीच कॉन्फिगरेशन फाइल. बहुतेक वेळा ती साध्या मजकुराची असते. डावीकडे नाव, उजवीकडे किंमत. आपल्या ॲपची फाइल मराठीत लिहिली तर साधारण अशी दिसेल:

शहर = मुंबई
अक्षांश = १९.०७
रेखांश = ७२.८८
प्रमाणवेळ = +५:३०
फज्रचा कोन = १८
असर = शाफई

आता एकेक ओळ पाहू. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावर ठरते. मुंबई त्याच्या पश्चिमेला साडेनऊ अंशांहून थोडी जास्त आहे आणि सूर्याला एक अंश सरकायला चार मिनिटे लागतात. म्हणून मुंबईत सूर्य डोक्यावर यायला प्रमाणवेळेपेक्षा सरासरी ३८ मिनिटे उशीर होतो. अंधेरी आणि मुलुंड यांच्यात मात्र अर्ध्या मिनिटाचाही फरक पडत नाही, त्यामुळे उपनगरांसाठी "मुंबई" एवढे लिहिणे पुरते. पण आखातातून आणलेल्या मोबाइलवर शहर अजून दुबईच असेल, तर सगळ्याच वेळा चुकतील.

शेवटच्या ओळीने आई आणि मुलाचा वाद मिटतो. शाफई मसलकात वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली वगळून, वस्तूएवढी झाली की असरची वेळ सुरू होते. हनफी मसलकातील प्रचलित मतानुसार ती दुप्पट व्हावी लागते. मुंबईत या दोन वेळांमध्ये डिसेंबरात सुमारे पाऊण तासाचे, तर जूनमध्ये सुमारे सव्वा तासाचे अंतर पडते. आपल्याकडे कोकणी मुस्लिम कुटुंबे बहुतांशी शाफई, तर उत्तर भारतातून आलेली बहुतेक हनफी आहेत. दोघांच्या घरी हिशेब करणारा प्रोग्राम तोच, फाइलमधला एक शब्द तेवढा वेगळा.

रमजानमध्ये फज्रच्या कोनाकडे विशेष लक्ष द्यावे. सूर्य क्षितिजाखाली किती अंश असताना फज्र धरायची, हे तो आकडा सांगतो. कराचीच्या पद्धतीत तो १८ अंश, उत्तर अमेरिकेतील एका प्रचलित पद्धतीत १५ अंश आहे. मुंबईत एवढ्या फरकाने फज्र बारा ते पंधरा मिनिटे पुढे जाते. मशिदीच्या वेळापत्रकात १८ अंश धरले असतील आणि मोबाइलमध्ये १५, तर सहेरी संपून गेल्यावरही आपण पाण्याचा घोट घेत राहू.

मोबाइलमध्ये ही फाइल सहसा दिसत नाही. "सेटिंग"च्या पानावर आपण जे निवडतो, ते ॲप स्वतःच तिच्यात लिहून ठेवते. संगणकावर मात्र ती उघडून वाचता येते. लिनक्समध्ये संपूर्ण यंत्रणेच्या अशा बहुतेक फाइली "ईटीसी" नावाच्या फोल्डरमध्ये असतात. विंडोजमध्ये पूर्वी "आयएनआय" फाइलींचा वापर जास्त होता. विंडोज ९५ पासून बरीचशी माहिती रजिस्ट्रीत जाऊ लागली.

अशी फाइल बदलायची वेळ आली, तर चार गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. आधी मूळ फाइलची प्रत काढून ठेवावी. एका वेळी एकच ओळ बदलावी. बदलल्यावर प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा, कारण अनेक प्रोग्राम ही फाइल सुरू होतानाच वाचतात. चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची: काही फाइलींत पासवर्डही लिहिलेला असतो, म्हणून मदत मागताना अख्खी फाइल व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवू नये.

अनेक ॲपमध्ये हिजरी तारीख एक दिवस मागे-पुढे करण्याचीही सोय असते. ती मुद्दाम ठेवलेली आहे. चंद्रदर्शनाचा निर्णय रुयते हिलाल कमिटी जाहीर करते, तो ॲपला आपोआप कळेलच असे नाही. यंत्र हिशेब करते, निर्णय मात्र माणसांनीच फाइलमध्ये लिहायचा असतो. म्हणून रमजान लागण्यापूर्वी घरातल्या सर्व मोबाइलची सेटिंग एकदा आपल्या मशिदीच्या वेळापत्रकाशी ताडून पाहावी, आणि शंका आली तर इमामसाहेबांना विचारावे, असे आम्ही वाचक बंधू-भगिनींना सुचवतो. पाच मिनिटांचे काम आहे, पण त्यावर महिनाभराचे रोजे अवलंबून आहेत.